मंगळवारचं ताट

आमच्या केंब्रिजच्या घरात मंगळवारी काहीतरी गोड व्हायचंच. सणवार असो नसो, बाहेर हाडं गोठवणारा वारा असो, आईची हॉस्पिटलच्या लॅबमधली शिफ्ट लांबलेली असो; शिरा, खीर, गेलाबाजार तूपगुळाचा पोळीचा लाडू, पण मंगळवार कोरडा जायचा नाही. शाळेतल्या मैत्रिणींना मी ठोकून द्यायचे की आमच्या धर्मात तसं असतं. धर्माबिर्माचा काही संबंध नव्हता. बाबा लहानपणी वार लावून जेवले होते आणि त्यांचा मंगळवार आईच्या माहेरी होता, एवढंच त्यामागचं कारण.

वार लावणं म्हणजे काय हे हल्ली सांगावं लागतं. खेड्यातला गरीब मुलगा शिकायला गावात यायचा, एखाद्या देवळाच्या ओवरीत पथारी टाकायचा आणि आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायचा. बाबा सांगलीत असे शिकले. त्याची गोष्ट ते पाहुण्यांना इतक्यांदा सांगत की कुठल्या वाक्याला आई हसणार हेसुद्धा मला पाठ झालं होतं. सोमवारी वकिलांकडे ताक इतकं पातळ की तळातली नक्षी दिसावी, बुधवारी मास्तरांकडे भाकरी जाड पण मन मोठं, शनिवारच्या घरी मारुतीचा उपास म्हणून यांच्याही नशिबी भगर, आणि मंगळवारी देशपांड्यांकडे तव्यावरून थेट पानात पडणारी पोळी. ‘मी सात घरचं मीठ खाल्लेला माणूस आहे,’ असं म्हणून ते आईकडे बघत, आणि आई म्हणे, ‘आणि मी दाराआडून बघायचे, किती खातो हा मुलगा!’ मंगळवारचा मुलगा पुढे त्याच घरचा जावई झाला. माझ्या लेखी आमच्या घराण्याची ती प्रेमकथा होती. त्या कथेत आईच्या थोरल्या बहिणीच्या, शकूमावशीच्या वाट्याला एकच वाक्य होतं: पोळ्या शकूच्या हातच्या.

बाबा मोठे झाले ते शिक्षणाचेच अभ्यासक झाले. आफ्रिकेतल्या मुली शाळेत किती येतात, कुठल्या इयत्तेत गळतात, का गळतात, हा त्यांचा विषय. त्यांच्या खोलीच्या भिंतीवर उतरत जाणाऱ्या रेघांचे आलेख लावलेले असत. आफ्रिकेतल्या मुलींची त्यांना खडान्‌खडा माहिती होती. माझी जीसीएसईची, म्हणजे तिथल्या दहावीची, परीक्षा कधी आहे हे मात्र त्यांना आईला विचारावं लागे. हे मी कुरकुर म्हणून लिहीत नाही. ते मनापासून काम करत आणि एखाद्या देशात मुलींची रेघ जरा वर गेली की पोर पास झाल्यासारखे खूश होत.

मर्सी आंटी आमच्याकडे आली ती त्यांच्याच ओळखीने. मलावीतल्या एका गावात ती शिक्षिका होती. स्कॉलरशिप मिळवून पीएचडीला आली होती आणि आमची वरची मागची खोली तिने भाड्याने घेतली होती. उंच, सावकाश बोलणारी, आणि हसली की आधी खांदे हसायचे. विषय तिचाही तोच: मुली माध्यमिक शाळा मध्येच का सोडतात. आईला ती ‘आमायी’ म्हणायची. त्यांच्याकडे कुणाच्या आईला, मानाच्या बाईला तसंच म्हणतात म्हणे. आईला ते फार आवडलं. पण त्या दोघींचं खरं जमलं ते दाण्याच्या कुटावरून. एका शनिवारी आई पालकाच्या भाजीत कूट घालत होती आणि मर्सी आंटी दारात थबकली. ‘हे तुम्हीही घालता?’ त्यांच्याकडेही पालेभाजीत शेंगदाण्याचं कूट घालतात. मग तिने मक्याच्या पिठाचा तो घट्ट, पांढरा गोळा केला, न्सिमा, आणि आईने तो भाजीबरोबर खाऊन पाहिला. ‘अगंबाई, ही तर आपली उकड!’ त्यानंतर वेम्बलीला ईलिंग रोडवर किराणा आणायला गेलो की शेंगदाण्याची मोठी पिशवी दोघींत मिळून यायची. सकाळी मला जाग यायची ती कूट कुटण्याच्या दणक्याने आणि मर्सी आंटीच्या चर्चमधल्या गाण्याने. ते आवाज अजून कधी कधी ऐकू येतात, आणि मन आधी आनंदतं, मग आत काहीतरी टोचतं.

तिची तादाला नावाची मुलगी तिकडे आजीपाशी होती. तेरा वर्षांची, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. प्राथमिकची शेवटची परीक्षा ती पास झाली तेव्हा आमच्याकडे मंगळवार नसतानाही शिरा झाला. पण हॉस्टेल असलेल्या शाळेत तिचं नाव लागलं नाही. मिळाली ती शाळा आजीच्या गावापासून इतकी लांब की रोज चालत जाणं अशक्य. तशा मुली शाळेजवळ खोली घेऊन राहतात, आपली आपण चूल मांडतात, आणि मग तिथे काय काय होतं हे मर्सी आंटीला पक्कं ठाऊक होतं. तिचा अभ्यासच तो होता. जेवणाच्या टेबलाशी बसून ती शांतपणे म्हणाली, ‘प्रोफेसर, मी परत जाते. थिसिस मागाहून बघू.’

बाबांनी घास खाली ठेवला. मला त्यांचा तो चेहरा स्वच्छ आठवतो. काहीतरी सापडलेल्या माणसाचा चेहरा. ‘थांब,’ ते म्हणाले, ‘शाळेच्या गावात तुमच्या चर्चची माणसं आहेत ना? किती घरं असतील?’ आणि मग त्यांनी तिला इंग्रजीत सगळी गोष्ट सांगितली. वकिलांचं ताक, मास्तरांची भाकरी, शनिवारची भगर, मंगळवारची पोळी. ‘Seven houses. कुणालाच ओझं नाही. आठवड्यातून एक ताट कुणाला जड होतं? I am sitting here because of that.’ आईही रंगात आली. शेवटी तो तिच्या माहेरचाही मोठेपणा होता. ‘आमच्याकडे रोज एक मुलगा असायचा जेवायला,’ ती मर्सी आंटीला म्हणाली, ‘माझ्या वडिलांनी कुणाला नाही म्हटलं नाही.’

मर्सी आंटी बराच वेळ टेबलावर बोट फिरवत राहिली. पाहुण्याला जेवू घालणं त्यांच्यात होतंच, पण दिवस लावून? तरी तिने तिकडच्या पास्टरला फोन केला, आणि त्यांना ही कल्पना एकदम पसंत पडली. चर्चमधल्या सात बायकांनी एकेक दिवस घेतला. झोपायला एका म्हाताऱ्या विधवेच्या घरी. तादालाची शाळा सुरू झाली, मर्सी आंटीचा थिसिस सुरू राहिला, आणि बाबांचे पाय जमिनीवर ठरेनात. डिपार्टमेंटमध्ये त्यांनी सांगितलं, महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला सांगितलं, लंडनहून आलेल्या कुणा फंडवाल्यांना सांगितलं. सांगलीची जुनी रीत आफ्रिकेतल्या मुलींच्या उपयोगी पडली! मीही माझ्या जॉग्रफीच्या बाईंना ऐटीत सांगितलं. सगळ्यांना ती गोष्ट आवडायची. इतकी सगळ्यांना आवडणारी गोष्ट दिसली की हल्ली मी जरा सावध होते.

दर रविवारी दुपारी फोन व्हायचा. मिल रोडवरच्या दुकानातून आणलेलं फोनकार्ड खरवडून लांबलचक नंबर दाबायचा, मग एक बाई किती मिनिटं उरली ते सांगायची, मग खरखर, आणि मग विधवेच्या शेजारच्या दुकानात येऊन थांबलेल्या तादालाचा बारीक आवाज. फोन स्पीकरवर असायचा, कारण आम्हा सगळ्यांनाच तो ऐकायचा असे. बोलणं ठरलेलं: मी बरी आहे, शाळा बरी आहे, सगळ्यांना ग्रीटिंग्ज. मर्सी आंटी आमच्याकडे बघून मान हलवायची. ऐकलंत ना, ठीक आहे.

त्या रविवारी आई ओट्याशी पोळ्या लाटत होती. फोन हॉलमध्ये, पण स्वयंपाकघराचं दार उघडं. बाबा मजेत होते. ‘तिला विचार, मंगळवारचं घर कसं आहे?’ ते मर्सी आंटीला म्हणाले, ‘Tuesday is special.’ मर्सी आंटीने हसत विचारलं. तिकडून उत्तर आलं, ‘मंगळवारचं घर मोठं आहे, मम. खूप मुलं आहेत. मासे असतात. ते छान जेवतात.’

लाटणं थांबलं. मी आईकडे पाहिलं तर ती भिंतीकडे बघत होती. मग ती तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि फोनवर वाकली.

‘तादाला, आंटी बोलतेय. Listen, बेटा. तू जेवतेस कधी? आधी, की सगळ्यांचं झाल्यावर?’

नुसती खरखर. मग, ‘सगळ्यांचं झाल्यावर, मॅडम.’

‘आणि त्याच्या आधी काय करतेस?’

‘पाणी आणते. मका कुटते. मंगळवारी स्वयंपाक करते. मग भांडी.’

‘मग शाळेत कधी जातेस?’

‘ब्रेकनंतर, मॅडम.’

‘रोज?’

‘नाही, रोज नाही,’ तादाला घाईने म्हणाली, ‘शनिवारी शाळा नसते.’

मर्सी आंटीने फोन उचलून कानाला लावला आणि त्यांच्या भाषेत भरभर बोलायला लागली. तिकडचं आता आम्हाला ऐकू येत नव्हतं. मध्येच कार्ड संपलं असावं, कारण तिने एकदोनदा नाव घेतलं आणि मग फोन खाली ठेवला. हळूहळू तिने आम्हाला सांगितलं. कुणी तिला मारलं नव्हतं, कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. सातही बायका चांगल्या होत्या. पण घरात आलेली तेरा वर्षांची मुलगी बसून कशी राहील? खायला देतात, मग हात नको का लावायला? एका घरी विहीर लांब, एका घरी बाळंतीण, एका घरी जनावरं. पहिले दोन तास तिचे रोज बुडत होते. आधीच्या चाचणीत ती नापास झाली होती आणि असंच चाललं तर वर्षअखेरच्या परीक्षेला बसू देणार नाहीत, असं हेडमास्तर म्हणाले होते. तिने सांगितलं नव्हतं, कारण मर्सी आंटीनेच बजावलं होतं की लोकांच्या घरी नम्रपणे राहा.

‘Okay, okay,’ बाबा म्हणाले, ‘पास्टरशी बोलू. थोडं अ‍ॅडजस्ट करू. आणि थोडं काम केलं तर काय बिघडलं? मी नाही का वकिलांकडची भाजी आणून द्यायचो?’

‘तुम्ही भाजी आणायचात,’ आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. ‘संध्याकाळी आणायचात. शाळेत तुम्ही घंटेच्या आधी हजर असायचात. अहो, मंगळवारी तुमच्या पानात गरम पोळी कोण वाढायचं?’

‘शकूताई.’

‘ती कितवीत होती तेव्हा?’

जगातल्या निम्म्या देशांतल्या मुली कितवीत गळतात हे ज्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं, त्या बाबांना हे सांगता येईना.

‘तुमच्याच वयाची होती ती. आईला दम्याचा त्रास. सकाळचा स्वयंपाक ताईवर. आमच्याकडे रोज एक मुलगा, वडील मोठे उदार ना! तुम्ही साडेदहाला जेवून उठायचात आणि दप्तर घेऊन पळायचात. तुमच्यामागे चूल, खरकटं, भांडी. ती पोचणार कधी? सातवीत नाव काढलं तिचं. मी धाकटी म्हणून सुटले. तिने माझ्या वेण्या घालून मला वेळेवर पाठवलं म्हणून मी बीएस्सी झाले. तुमचे सात घरी सात वार होते हो. तिचे एका घरात सातही वार होते. आणि या पोरीला आपण दोन्ही दिलं. घरंही सात आणि कामंही सात.’

‘पण तूही म्हणालीस ना...’ बाबा इतकंच बोलले.

‘म्हणाले. मीही म्हणाले,’ आई म्हणाली. ‘इतकी वर्षं मंगळवारी गोड करते ना मी. मला तरी कुठे दिसलं?’

मर्सी आंटी जिन्याच्या पायरीवर बसली होती. मराठी तिला कळत नव्हतं, पण आपल्याच मुलीबद्दल चाललंय एवढं कळत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. ‘What is she saying?’ घरात मोठी माणसं भांडत असताना मुलांनी वर आपल्या खोलीत जायचं असतं. मला मात्र तिथे उभं राहून ते सगळं इंग्रजीत सांगावं लागलं, शकूमावशी, दमा, वेण्या, सगळं. माझं मराठी तेव्हा फार चांगलं नव्हतं आणि ते भांडण इंग्रजीत घालताना मी रडायला लागले. सांगून झाल्यावर मर्सी आंटी म्हणाली, ‘माझं एक आख्खं चॅप्टर आहे यावर. घरकामात मुलींची शाळा कशी जाते. तुझ्या बाबांनी वाचलंय, व्हेरी गुड म्हणाले. आणि मी माझ्या मुलीला सात स्वयंपाकघरांत पाठवलं.’ तिचे खांदे हलले, आणि क्षणभर मला वाटलं ती हसतेय.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात फार वाईट गेले. बाबांनी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन केले. हॉस्टेलची जागा पुढच्या वर्षी मिळेल असं सगळे म्हणत. मर्सी आंटीने आपली बॅग काढली. तिला थांबवायला आईच सगळ्यात जास्त झटली, हे मला तेव्हा कोडं वाटलं होतं. ‘एक मुलगी शाळेत जावी म्हणून दुसरीने शिक्षण सोडायचं?’ ती म्हणे, ‘मग आपण केलं काय? ताईचं जे झालं तेच तर झालं.’ त्यावर मर्सी आंटी म्हणाली, ‘आमायी, आता मी तिला कुणाच्याच घरी ठेवणार नाही. तिला घर लागेल. आणि घर म्हणजे मीच, दुसरं कोण?’ दोघींचंही बरोबर होतं. इतक्या वर्षांनी, स्वतः आई झाल्यावर, चाळिशी उलटल्यावरही मला त्या दोघींपैकी एकीला चूक ठरवता येत नाही.

ईस्टरच्या आधी ती गेली. न्सिमा घोटायचा तिचा लांब दांड्याचा चपटा लाकडी डाव तिने आईला दिला. तो आता माझ्याकडे आहे आणि मी त्याने उकड घोटते. शाळेच्या गावात तिने खोली घेतली, तिथल्याच प्राथमिक शाळेत नोकरी धरली, आणि तादाला पुन्हा माध्यमिकच्या पहिल्या वर्गात बसली. पुढे शिकली, नर्स झाली. तिच्या लग्नाचे फोटो आले तेव्हा आईने ते फ्रीजवर लावले होते. मर्सी आंटीचा थिसिस मात्र राहिला तो राहिलाच. युनिव्हर्सिटीने मुदत वाढवून दिली, बाबांनी पत्रावर पत्रं लिहिली. तिची उत्तरं नेहमी प्रेमाची असत, आणि त्यांत थिसिसचा उल्लेख नसे. आम्ही ज्या सात घरांना दोष द्यायला निघालो होतो त्यांतल्या मंगळवारच्या बाईंनी पुढे तादालाच्या लग्नात सगळा स्वयंपाक केला, हेही सांगायला हवं.

मर्सी आंटी गेल्यावरच्या मंगळवारी आईने मुगाची खिचडी केली. गोड काही नव्हतं. बाबांनी एकदा ओट्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने जेवले. सात घरच्या मिठाची गोष्ट त्यांच्या तोंडून मी त्यानंतर ऐकली नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही सांगलीला गेलो. शकूमावशी तिच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही येणार म्हणून सकाळपासून खपली होती. ताटं वाढली ती आमची तिघांचीच, आणि ती पोळपाटापाशी. बाबा बसले नाहीत. ‘शकूताई, आज तुम्ही आधी बसा,’ ते म्हणाले, ‘मी वाढतो.’

‘काहीतरीच काय, जावईबापू!’ ती हसली. ‘तुम्हाला पोळी भाजता येते का? बसा बघू मुकाट्याने. मला मागाहूनच बरं पडतं, सवय आहे.’

बाबा बसले, पण त्यांनी पानाला हात लावला नाही. मग त्यांनी, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात विचारलं, ‘शकूताई, शाळेत तुम्हाला कुठला विषय आवडायचा?’

मावशीला प्रश्नाचं नवल वाटलं. तिला तो बहुधा कुणी विचारलाच नसावा. तव्यावरची पोळी तिने उलटली, फुगू दिली, आणि विचार करून म्हणाली, ‘गणित. गणित मला फार आवडायचं हो. पण मंगळवारी पहिला तास गणिताचा असायचा, आणि शुक्रवारीही. मग जरा मागे पडले ती पडलेच.’

आणि तिने ती गरम पोळी बाबांच्या पानात वाढली. ‘खा ना,’ ती म्हणाली, ‘गार होतेय.’